किल्ली दाखवा, मास्तर

त्या दिवशी माझी तारीख होती. सौंसरच्या बसस्टँडवर कागदांची पिशवी मांडीवर घेऊन मी पांढुर्ण्याच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो आणि सुशीलावहिनींचा फोन आला. "मास्तर, आज कोर्टात नका जाऊ... घरीच या. हे गेले." हे म्हणजे दादाराव, आमच्या भाडेकरू संघाचे सचिव. सकाळी चहा घेता घेताच गेले होते. लाज वाटते, पण खरं तेच सांगतो. माझ्या मनात पहिला विचार आला तो वहिनींचा नव्हता. आता माझ्या केसचं काय, हा होता.

दादाराव तहसील कचेरीत टायपिस्ट होते. शेतमजुराचा मुलगा, बौद्ध घरातला. लहानपणी एकाच पावसाळ्यात वडिलांबरोबर तीनदा बिऱ्हाड हलवलं होतं. आडनाव सांगितलं की रिकामी खोली भरलेली निघायची, असं ते हसत हसत सांगत. त्या हसण्याकडे मी फारसं कधी लक्ष दिलं नाही. निवृत्तीनंतर त्यांनी एका सायकल दुकानामागच्या खोलीत संघ सुरू केला. दर रविवारी तिथे बसायचे, लोकांचे करारनामे वाचायचे, अर्ज लिहून द्यायचे, गरज पडली तर वकिलाकडे घेऊन जायचे. कुणीही भाडेकरू आला की नमस्काराच्या आधी यांचं सुरू, "किल्ली दाखवा." मग समोरच्याने खिशातून किल्ली काढून दाखवायची आणि परत ठेवायची. शाळेला सुटी म्हणून मी रविवारी तिथे चहाला जायचो, तर मलाही सुटका नसे. म्हातारपणी माणसाला एखादा चाळा लागतो, तसं मी ते धरून चाललो होतो.

संघाचा सभासद व्हायला मात्र मी दोन वर्षं नकार दिला. आमचे घरमालक संत्र्याचे व्यापारी, मी पांढुर्ण्यात त्यांच्या दोन खोल्यांत बावीस वर्षं राहिलेला. त्यांची मुलं माझ्या हाताखाली शिकली. अशा माणसाविरुद्ध संघात नाव घालायचं म्हणजे त्यांच्या तोंडावर अविश्वास दाखवायचा! पांढुर्णा जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, बाहेरचे कर्मचारी मागाल ते भाडं द्यायला तयार होऊन खोल्या शोधत फिरू लागले, तेव्हाही मला काही वाटलं नाही. मग मालकांच्या मुलीचं लग्न निघालं. "मास्तर, आठ दिवस खोल्या देता का? पाहुणे लई हायेत," असं ते हात जोडून म्हणाले. आमच्याकडे लग्नघराला खोली नाही म्हणायची कुणाची हिंमत नसते. दादारावांना सांगितलं, तर ते एवढंच म्हणाले, "पाहुणे तुमच्याच घरी झोपवा, मास्तर. जेवू घाला. पण किल्ली देऊ नका." मला राग आला. माणसाने इतकं संशयी असू नये, असं मी त्यांना ऐकवलंसुद्धा.

आणि मी नुसती किल्ली दिली नाही. पाहुण्यांना बरं दिसावं म्हणून आदल्या दिवशी स्वतः दोन्ही खोल्यांना चुना मारला. सामान सौंसरला मेहुण्याकडे नेलं. लग्न थाटात झालं, मी पंगतीत वाढलंही. नवव्या दिवशी परतलो तर दाराला नवं कुलूप. पुढे मालकांच्या वकिलाने कोर्टात विचारलं, खोली झाडून, चुना मारून मालकाला दिली, याला खोली सोडणं नाही तर काय म्हणायचं? माझी भीडच माझ्याविरुद्ध साक्ष देत होती.

नवं कुलूप पाहिलं त्याच संध्याकाळी मी संघाच्या खोलीत गेलो. दादारावांनी किल्ली मागितली नाही. 'मी सांगितलं होतं' असंही म्हणाले नाहीत. सभासदाचा फॉर्म पुढे सरकवला आणि विचारलं, "आत काय राह्यलं?" काही नाही, म्हटलं. "आठवून पाहा." मग आठवलं. स्वयंपाकाच्या खोलीतल्या कोनाड्यात देव होते. आठ दिवसांसाठी कशाला हलवायचे, म्हणून बायकोने ते तसेच ठेवले होते. दादाराव खुर्चीत ताठ बसले. "मी देव मानत नाई, मास्तर. पण तुमचे देव आता माह्ये साक्षीदार हायेत." त्यांनी अर्जात लिहिलं की घर सोडून जाणारा माणूस देव मागे ठेवत नाही.

चारच दिवसांत मालकांचा निरोप आला, अगदी गोड शब्दांत. देव तेवढे घेऊन जा, आमच्याकडून त्यांची हेळसांड नको. बायकोने पिशवी काढली. निरोपाचं कळताच दादाराव पहिल्या गाडीने सौंसरला आले आणि दारातूनच म्हणाले, "वहिनी, ते देव उचलले का केस उचलली समजा." बायको रडली. दोन वर्षं ती भावाच्या देवघरात परक्यासारखी हात जोडत राहिली आणि मी मेहुण्याच्या घरात परक्यासारखा जेवत राहिलो. महिन्याला एक तारीख. कधी साहेब नाहीत, कधी वकील नाही, कधी फाईल सापडत नाही. "सोडून देऊ हो," असं मी किती वेळा म्हणालो असेन... दादाराव म्हणायचे, "थकले तं बसा थोडं. मंग उठू." स्वतः मात्र जिना चढताना कठड्याला धरून थांबायचे. ते मला दिसत होतं. मी विचारलं नाही.

मालकांच्या आईला साक्षीला बोलावलं, तो दिवस तेवढा चांगला गेला. आमच्या वकिलाने विचारलं, देव कोणाचे? म्हातारी म्हणाली, "मास्तरीनबाईचे. पोरगा काढतो म्हणे, मी हात लावू देल्ला नाई. रोज फूल वाहून राह्यली मी." मालक खाली पाहत होते. बाहेर आल्यावर दादारावांनी आधी त्या आजींना चहा पाजला, मग मला.

दादाराव गेले त्या दिवशी बुद्धवंदना आटोपून लोक पांगले, तेव्हा वहिनींनी माझी फाईल आणून दिली. त्या दिवसाची तारीख दादारावांनी आदल्या दिवशीच वर लिहून ठेवली होती. कोर्टात वकील एकटेच उभे राहिले. अठरा दिवसांनी आदेश आला, खोल्यांचा ताबा परत. मला आनंद झाला नाही. नुसतं कुठेतरी आडवं व्हावंसं वाटलं.

मालकांनी अंगणातच किल्ली दिली. कोनाड्यात देव होते, पुढे ताजं जास्वंद. मी बाहेर आलो तर मालक तिथेच घोटाळत होते. म्हणाले, "मास्तर, झालं गेलं... धाकट्याचं बी लग्न ठरलं. यंदा पाहुणे लई होतीन." आणि थांबले. खोटं कशाला सांगू, 'हो' माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. बावीस वर्षांची भीड दोन वर्षांत जात नाही. मी खिशात हात घातला, किल्ली बाहेर काढली, रविवारी दादारावांसमोर धरायचो तशी धरली आणि परत ठेवली.

"लग्नाला येऊ आम्ही," मी म्हणालो.