खेकड्यांचं पथ्य

प्रयोगशाळेत तिला सगळे चिखलताई म्हणत. खारफुटीतून आलेला गाळ वाळवायचा, खलात कुटायचा, चाळायचा, आम्लात विरघळवून यंत्राच्या हवाली करायचा, हे तिचं काम. शिसं किती, कॅडमियम किती, ते यंत्र सांगे आणि साहेब लोक त्यावर परिषदा गाजवत. गाळ बिचारा खाडीत होता तिथेच राही.

साहेबांचं एक लाडकं वाक्य होतं: खारफुटीचा चिखल धातू पोटात ठेवतो, ढवळला नाही तर तक्रार करत नाही. चिखलताईला ते फार पटलं, कारण तिने संसारही असाच रेटला होता. नवरा त्याच खाडीतले खेकडे पकडून विकायचा, आणि खेकड्याचा सगळा जन्म त्या चिखलात. आकडे तिच्या डोळ्यांदेखत उमटत. पण घर चालायचं ते धंद्यावर, म्हणून तोंडाला कुलूप. घरी खेकडे शिजले की अंगाला खाज सुटते असं सांगून ती बटाट्यांवर भागवी. नवऱ्याला, मुलाला मात्र मुकाट्याने वाढी आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या घाली.

मग सुनेला दिवस गेले आणि डोहाळे लागले ते नेमके खेकड्यांचे. सासरेबुवा, म्हणजे चिखलताईचा नवरा, हरखला आणि टोपली भरून घेऊन आला. चिखलताईने त्याला दारातच अडवलं. पोटातल्या बाळाला शिसं किती बाधतं, खाडीत ते किती साचलंय, आणि आपण हे वर्षानुवर्षं कसं दडवलं, सगळं ती एका दमात बोलून गेली. आता घरात रणकंदन होणार याची तिला खात्रीच होती.

नवऱ्याने आत जाऊन टोपली ओट्यावर ठेवली.

"हे आपल्या खाडीतले नाहीत," तो म्हणाला. "घरचे मी कायम पलीकडच्या किनाऱ्यावरून विकत आणतो. आपल्या पाण्याचा वास मला येत नाही असं वाटलं का तुला?"

तिला इतकं हलकं वाटलं की ती भिंतीला टेकून हसतच सुटली. उगाच खाल्लेले बटाटे आठवून आणखी हसली. सुनेने पातेलं गॅसवर चढवलं.

तेवढ्यात शेजारीण दारात आली. कडेवर तान्हं मूल.

"भाऊ, आमचे काढून ठेवलेत ना?"

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं.

"आज संपले," दोघं एकदमच म्हणाली.

"बरं, मग उद्या नेते," म्हणून ती गेली.