साडूंचा समुद्र

आमच्या साडूंनी एखाद्या गोष्टीची तयारी सुरू केली, की ती गोष्ट आता या जन्मी होत नाही अशी खूणगाठ बांधावी. हे मी रागाने म्हणत नाही. रागाच्या पुढे मी केव्हाच गेलो आहे. वोल्फ्सबुर्गमध्ये राहणारा, मोटारींच्या चाचण्या घेऊन पोट भरणारा हा सज्जन माणूस, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, पाच वर्षं आम्हा सगळ्यांना गाडीने क्रोएशियाच्या समुद्रावर नेत होता. अख्खी जर्मनी ओलांडायची, मग ऑस्ट्रिया, मग स्लोव्हेनिया, आणि मग निळंशार पाणी. वाटेतल्या प्रत्येक पेट्रोल पंपाचं स्वच्छतागृह कसं आहे, कुठल्या बोगद्यात मोबाइलची रेंज जाते, कुठल्या वळणानंतर सासूबाईंना मळमळेल, हे सगळं त्यांना तोंडपाठ. स्वतः ते त्या रस्त्यावर एकदाही गेले नव्हते.

तारीख ठरवण्यातच पहिलं वर्ष गेलं. या देशात प्रत्येक राज्याच्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी वेगवेगळी. आम्ही राहतो श्टुटगार्टजवळ त्सुफेनहाउझेनला. आमच्या मुलाला सुट्टी लागते तेव्हा त्यांच्या मुलीची संपत आलेली असते. मधे जेमतेम काही दिवस दोघं मोकळे सापडतात. साडूंनी त्या दिवसांचा पंचांग काढल्यासारखा अभ्यास केला आणि शेवटी जाहीर केलं, "आल्झो, म्हणजे असं बघा, या वर्षी घाई होतेय. पुढच्या वर्षी नीट जाऊ." दुसऱ्या वर्षी ऑस्ट्रियात कुठल्याशा पुलाचं काम निघालं. तिसऱ्या वर्षी ताईंची, म्हणजे त्यांच्या बायकोची, रजा मंजूर झाली नाही. चौथ्या वर्षी सीमेवर पुन्हा तपासणी सुरू झाल्याचं त्यांनी वाचलं आणि एक्सेलच्या शीटमध्ये कागदपत्रांचं नवीन पान उघडलं. प्रवास एका जागी उभा, शीट मात्र वाढत होती.

आणि रंगीत तालमी! एका उन्हाळ्यात त्यांनी नऊ जणांची व्हॅन भाड्याने आणून घराखाली उभी केली आणि आम्हाला सामानासकट दोन तास नुसतं आत बसवलं. इंजिन बंद. का, तर दोन तासांनी कोण काय मागतं ते आधी कळलेलं बरं. विसाव्या मिनिटाला सासूबाईंनी चहा मागितला, तशी यांनी नोंद केली. मग गाडी महामार्गावर बंद पडली असं समजून सगळ्यांनी नारिंगी जाकिटं घालून एका ओळीत उतरायचं. सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई पातळावर जाकीट चढवून, एक हात माझ्या खांद्यावर ठेवून, कचऱ्याच्या डब्यांशेजारी उभ्या राहिल्या. वरच्या मजल्यावरची जर्मन आजी खिडकीतून बघत होती. "काय हो जावईबापू," सासूबाई साडूंना म्हणाल्या, "समुद्राला असंच जायचं असतं का?" साडू गंभीरपणे म्हणाले, "गेनाऊ, अगदी असंच, आई. तिकडे नियमच आहे."

हे सगळं मी अजून बरीच वर्षं हसून सांगितलं असतं. पण दर उन्हाळ्यात सोलापूरहून येणाऱ्या सासूबाईंबरोबर पहिल्या वर्षी बाबाही होते. आमचे सासरे. सोलापूरच्या शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला, फळ्यावर निळ्या खडूने शेकडो समुद्र काढले, आणि खऱ्या समुद्रात पाय म्हणून बुडवला नव्हता. नोकरी, मुलींची शिक्षणं, लग्नं, राहून गेलं. क्रोएशिया निघालं ते त्यांच्यासाठी. ते वर्ष हुकलं, सुट्टी संपवून दोघं सोलापूरला परत गेले, आणि त्या हिवाळ्यात बाबा गेले. साडूंच्या शीटमध्ये 'बाबा, मधली रांग, खिडकी' अशी एक ओळ होती. ती त्यांनी कधी काढली नाही. त्यानंतर त्यांची तयारी जास्तच वाढली, आणि मला वाटतं, चूक होण्याची भीतीही.

यंदा सासूबाईंना डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हा विमानप्रवास शेवटचा, पुढच्या वर्षी जायचं नाव काढू नका. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. साडूंनी एकदाची तारीख पक्की केली. सगळ्यांनी एकत्रच निघायचं असा त्यांचा हट्ट, म्हणून दक्षिणेला जाण्यासाठी मी आधी बायको-मुलाला घेऊन सहा तास उत्तरेला गाडी हाकत वोल्फ्सबुर्ग गाठलं. सकाळी सहाला व्हॅन भरून तयार. साडूंनी फाइल उघडली आणि शेवटचं म्हणून सगळ्यांचे पासपोर्ट पुन्हा एकदा तपासले. माझा तर त्यांनी महिन्याभरात तीनदा तपासला होता. सर्वांत खाली त्यांचा स्वतःचा निघाला. त्यांनी तो उघडला, मिटला, परत उघडला. मुदत मागच्या महिन्यात संपली होती.

ते पायरीवर बसले. "तुम्ही जा," एवढंच म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "तुम्हाला सोडून मी कुठं जात नाही." ताई स्वयंपाकघरात जाऊन रडून आल्या. मग सासूबाईंनी विचारलं, "काय हो, या देशाला स्वतःचा समुद्र नाहीच का?"

दोन इंजिनिअर जावई एकमेकांकडे बघत राहिले. समुद्र होता. तीन-साडेतीन तासांवर होता. सीमा नाही, बोगदा नाही, पासपोर्ट नाही. पाच वर्षांत हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

साडू आयुष्यात पहिल्यांदा काहीही न तपासता निघाले. दुपारी बाराच्या सुमारास आम्ही किनाऱ्याच्या बांधावर चढलो आणि समोर बघितलं. समुद्र नव्हता. नजर पोचेल तिथपर्यंत करडा चिखल आणि त्यात चोची मारणारे पक्षी. "पापा, दास मेअर इस्ट वेग," साडूंची मुलगी म्हणाली. खरंच, समुद्र निघून गेला होता. कोकणातला एक जरी जावई घरात असता तर भरतीची वेळ बघून निघाला असता. आम्ही दोघंही घाटावरचे, आमच्या मते समुद्र नकाशात असतो तिथे बारा महिने असतो. साडूंनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. त्यांचा चेहरा बघवेना. सासूबाई मात्र गवतावर बसत म्हणाल्या, "ओहोटी आहे ही. ह्यांनी दर वर्षी शिकवलाय तो धडा. येईल पाणी. बसा." मग आम्ही क्रोएशियासाठी केलेल्या दशम्या आणि शेंगाचटणी खात सहा तास बसून राहिलो.

संध्याकाळी पाणी आलं. आधी लांब एक चकचकीत रेघ, मग चिखलातून वाट काढत ओहोळ, मग पायाशी. सासूबाईंनी साडूंचा हात धरला, पातळ वर घेतलं आणि पाय टाकला. "अगं बाई, काय गार!" असं ओरडून त्या लहान मुलीसारख्या हसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "ह्यांना सोसलं नसतं हो एवढं गार." साडू पाण्यात खाली बघत म्हणाले, "आई, तीनच तासांचा रस्ता होता. मी बाबांना तेव्हाच आणायला हवं होतं."

मी शेजारीच उभा होतो. पाच वर्षं मी या माणसाची टिंगल केली, मित्रांत नकला केल्या. पण त्या पहिल्या उन्हाळ्यात बाबा सहा आठवडे आमच्याकडे राहिले होते. माझी गाडी दारात होती, रजाही शिल्लक होती. एकदा जेवताना त्यांनी मला विचारलं होतं, "इथून समुद्र किती लांब पडतो?" आणि मी ताटातून मान वर न करता म्हणालो होतो, "साडूंचं प्लॅनिंग चाललंय, बाबा."

हे तेव्हा साडूंना सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. सासूबाईंचे पाय पुसायला टॉवेल आणतो म्हणून गाडीकडे गेलो, आणि तिथेच जरा वेळ थांबलो.