स्फुरदताईंची सुटका

जिवाणू खताच्या त्या कारखान्यात सगळे त्यांना स्फुरदताई म्हणत, आणि त्यांना ते नाव मुळीच आवडत नसे. पण करणार काय? कारखाना ज्याच्यावर चालायचा, तो जिवाणू वीस वर्षांपूर्वी एका शेताच्या बांधावरच्या मातीतून त्यांनीच शोधून काढला होता. मातीत स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, भरपूर असतं, पण दगडासारखं घट्ट बसलेलं. पिकाच्या मुळांना त्याचा काडीचा उपयोग नाही. हा पठ्ठ्या आम्ल सोडून ते विरघळवतो आणि मुळांच्या तोंडी देतो. काचेच्या बशीत स्फुरदाची पांढरी पूड मिसळलेल्या थरावर तो वाढला, की भोवती पारदर्शक कडं उमटे. कडं दिसलं, की कारखान्याचा जीव भांड्यात पडे.

दर महिन्याला त्याला नव्या नळीत हलवावं लागे, आणि ते ताईंनीच करायचं. दुसऱ्या कुणी हात लावला की नळ्यांना बुरशी यायची. बहिणीच्या लग्नालासुद्धा त्या सकाळी जाऊन संध्याकाळी परत आल्या होत्या. आता गावी एकट्या राहणाऱ्या आईची नजर जात चालली होती. नोकरी सोडावी तर तिची औषधं कुठून आणायची? तिथल्या शाखेत बदलीसाठी ताईंनी नऊ अर्ज केले. साहेब दर वेळी हसून म्हणत, "ताई, तुमच्याशिवाय इथलं पान हलत नाही." दुसरं कुणी फुशारलं असतं, ताईंना गुदमरल्यासारखं व्हायचं.

नवव्या नकारानंतर त्यांनी एक पाप केलं. पांढऱ्या पुडीऐवजी जिवाणूला आयतं विरघळलेलं स्फुरद द्यायला लागल्या. लाड केले म्हणा ना! वर्षभर आयतं खाऊन तो चांगला फोफावला आणि आम्ल सोडायचं विसरला. राखीव नळ्याही ताईंनी त्याच पिल्लावळीने भरल्या.

मग एके दिवशी त्यांनी बशी साहेबांच्या टेबलावर ठेवली. पांढऱ्या थरावर नुसते ठिपके होते, कडं कुठेच नव्हतं.

"काम सोडलं त्याने," ताई म्हणाल्या. "आता हा विभाग बंदच करावा लागेल, साहेब. माझ्या बदलीचं तेवढं..."

साहेबांनी एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

"अहो, घाबरताय काय? मातीत दुसरा असेलच की. पहिला शोधायला किती वर्षं लागली होती तुम्हाला?"

ताई म्हणाल्या, "चार."

साहेबांनी लगेच मातीचे नमुने आणायला गाडी सांगितली. ताईंच्या आईला त्र्याऐंशी वर्षं पूर्ण झाली होती.