लाल फितीतली मुलगी

हरवलेल्या मुलांच्या फायली पांढऱ्या फितीनं बांधायच्या आणि गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांच्या लाल फितीनं, अशी आमच्याकडे पद्धत होती. मग ही दोन कामं बघणारी दोन्ही कार्यालयं एक झाली. आठ दिवसांत एकच रजिस्टर तयार करायचं होतं, आणि मी मुख्य लिपिक. मध्येच पांढरी फीत संपली. मागणीपत्र करत बसण्यापेक्षा उरलेल्या फायली मी लाल फितीनं बांधल्या. पुढे रजिस्टर उतरवताना कागद उघडलेच नाहीत. फीत बघून रकाने भरत गेलो; लाल दिसली की गुन्हा 'चोरी'.

बसस्थानकावर सापडलेली नऊ वर्षांची एक मुलगी अशी चोरीच्या आरोपींत गेली. त्या नोंदीवरून तिला आरोपी मुलांच्या निरीक्षणगृहात हलवलं.

तिची आई पिशोरहून शोधत आली. मी हरवलेल्यांची यादी पाहिली.

"नाव नाही."

"दुसऱ्या यादीत बघा की, सायेब."

"त्यात चोर असतात, बाई. तुमची पोरगी चोर आहे का?"

"नाय हो!" ती शरमली आणि निघून गेली.

दोन महिन्यांनी चूक माझ्याच हाती लागली. मुलगी आईकडे पोचवली, पण नोंद तशीच ठेवली. खाडाखोडीला साहेबांची सही लागते आणि सहीला कारण. माझ्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं.

मागच्या मंगळवारी, इतक्या वर्षांनी, नोकरीच्या वयाची झालेली तीच मुलगी गारखेड्यात माझ्या दारात उभी राहिली. नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत ती नोंद निघाली होती. तिनं झेरॉक्स पुढे ठेवली.

"काका, ऑफिसातून तुमचा पत्ता मिळाला. हे अक्षर कुणाचं, सांगता येईल? उद्यापर्यंत खुलासा नाय दिला तर नेमणूक गेली."

चष्मा पुसायला मी फार वेळ लावला. तेव्हाचे इतर लिपिक आता हयात नाहीत. त्यातल्या कुणाचंही नाव घेता आलं असतं. पण मेलेला माणूस जबाब देत नाही. तिची नोंद तशीच राहिली असती.

"माझं," मी म्हणालो.

तिनं झेरॉक्स उचलली. "आई खाली रिक्षात बसलीय. तिला तुम्हीच सांगा."

मी जबाब लिहिला, सही केली, जिना उतरलो. तिच्या आईनं मला लगेच ओळखलं. मी तोंड उघडायच्या आत ती मला जागा करत सीटवर सरकली.

"बसा. काय बोलायचं ते तिथं हापिसात बोला, सायबासमोर."