डॉक्टरबाईंची प्रश्नांची शिकवणी

“कुठं दुखतंय?” डॉक्टरबाईंनी पुन्हा विचारलं. टेबलावरची पोरगी पुन्हा काही बोलली नाही. मी पडद्याच्या अलीकडं स्टुलावर बसलो होतो आणि मला झोप येत होती.

ही गोष्ट निजामाच्या राज्यातली, कल्याणीची. म्हणजे आताचं बसवकल्याण. सकाळी मी शाळेत उर्दूतून शिकवायचो. दुपारी मिशनच्या डिस्पेन्सरीत नव्या विलायती डॉक्टरबाईंना मराठी शिकवायचो. शिवाय पेशंट आले की दुभाष्याचं कामही माझ्याच गळ्यात. नर्स मद्रासकडची, तिला आमची भाषा येत नव्हती. एका माणसाकडून किती कामं करून घ्यावीत याला काही धरबंध नव्हता.

बाईंना बाकी मराठी नको होतं, फक्त प्रश्न हवे होते. मी म्हटलं, सोपं आहे. मराठीत प्रश्न करायला वाक्य उलटंपालटं करावं लागत नाही. जिथं उत्तर बसणार, तिथं प्रश्नाचा शब्द बसवायचा. ‘कालपासून दुखतंय’, तर ‘कधीपासून दुखतंय?’ आणि नुसतं हो-नाही हवं असेल तर तो शब्दही नको, शेवटाला आवाज चढवा. ‘दुखतंय?’ झाला प्रश्न. बाईंचा आवाज मात्र सुरुवातीलाच चढायचा. पेशंटला वाटायचं, बाई रागावल्या. ती खोड मोडता मोडता माझा घसा बसला.

त्या दिवशीची पोरगी जवळच्या कोहिनूर गावची. नुकतीच बाळंतीण झालेली. अंग तापानं फणफणलेलं. लेकरू सासूच्या मांडीवर, भुकेनं रडून रडून दमलेलं. बाईंनी पोरीला काहीही विचारलं की उत्तर सासूकडून यायचं.

“तिला काय इचारता? मला इचारा की. ताप हाय. जेवंना झालीय.”

मग पडद्याआडून मी विचारलं, “बाळ, कुठं दुखतंय?”

“पोटात,” पोरगी म्हणाली.

बाईंनी पोट दाबून पाहिलं. पोटात काहीच नव्हतं. बाकी कुठं ती हात लावू देईना, पदर अंगाभोवती गच्च धरून बसली. आता पोटाचं म्हणाल तर मी त्या स्टुलावर बसल्यापासून आमच्या भागातल्या तमाम बायकांचं पोटच दुखायचं. परक्या बाप्याला सांगता येण्यासारखं तेवढंच दुखणं असावं.

“मास्टर,” बाई मला इंग्रजीत म्हणाल्या, “ताप कशाचा ते आज कळलं नाही तर ही जगायची नाही.”

मी ते सासूला सांगितलं. ती आधीच वैतागली होती, गाडी जुंपून परत न्यायच्या गोष्टी करत होती. ती माझ्यावरच उखडली.

“मास्तर, तुमी हितून उठा आधी. बाप्या माणूस कान लावून बसल्यावर ती काय सांगंल?”

“मग अक्का, बाईंना मराठी कोण समजावणार? अजून शिकवतोय मी त्यांना.”

“इतके दिवस शिकवायलाव न्हवं?”

मला राग आला. पण म्हातारीचं खरं होतं. मी बाईंना म्हणालो, मी बाहेर जातो, तुम्हीच विचारा.

“नको, मास्टर. मला येत नाही.”

“येतं,” मी म्हणालो. तसं फारसं येत नव्हतं, पण करणार काय. दारात थांबून सासूला म्हणालो, “चला, तुमीबी चला.”

“मी कामून?”

“तुमच्या घरी सून सासूसमोर तोंड उघडती का?”

तिनं माझ्याकडं रागानं बघितलं. मग लेकराला घेऊन बाहेर आली.

आम्ही लिंबाखाली बसलो. आतून बाईंचा आवाज यायचा. “दुखतंय? हितं? हितं?” “कधीपासून?” मग पोरीचा आवाज आला, आधी बारीक, मग रडका. नंतर तो थांबेचना. शब्द काही कळत नव्हते. म्हातारी उठायला लागली.

“बसा,” मी म्हणालो.

“माझी सून हाय ती.”

“म्हणूनच बसा.”

ती बसली. थोड्या वेळानं हळूच म्हणाली, “मला कवाच येवढं बोलली न्हाई वो ती.”

बाई बाहेर आल्या त्या माझ्याकडं न बघता सरळ तिच्याकडं गेल्या. “छातीत गळू. आत पू. आज कापते. म्हणून बाळाला पाजत नाही. फार दुखतं.”

म्हातारीनं लेकराकडं बघितलं आणि त्याला उराशी धरलं. “अंगावर घेत न्हाईस म्हणून मी तिला रोज शिव्या घालायले,” ती म्हणाली. “कसली आई हायस म्हणले तिला.” बाईंनी तिला हाताला धरून आत नेलं.

गळू त्याच दुपारी फोडलं. पोरगी वाचली, लेकरूही. काही दिवसांनी बाईंनी मला सांगितलं की आता शिकवणी पुरे. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. थोडं हायसंही वाटलं, दुपारी झोपायला मिळणार होतं.

पुढं बदली होऊन आलेल्या साहेबलोकांनाही मी मराठीत प्रश्न विचारायला शिकवलं. त्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवायचो की उत्तर हवं असेल तर आधी खोलीतली माणसं बाहेर काढा, आणि सुरुवात मास्तरापासून करा.