ताटलीत ओतलेली दारू

झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी आर्लिसनं उन्हाकडे धरली. बुडाची टोपी रुळाखाली सापडलेल्या नाण्यासारखी चपटी झालेली, शेजारी पितळेवर एक चकचकीत ओरखडा. रायफलचा बोल्टही तळहातानं ठोकून उघडावा लागला होता. नळीत दाब फार झाला होता. आणखी एखादी गोळी झाडली असती तर रायफल तोंडावरच फुटली असती.

मोंटानातल्या त्या गावात आर्लिस हौगन पंचवीस-तीस वर्षं स्वतःची काडतुसं स्वतः भरत आली होती. शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी संपल्यावर तर हिवाळाभर तोच उद्योग. वडिलांनी शिकवलं होतं, की माणूस खोटं बोलेल, पितळ बोलणार नाही. म्हणून प्रत्येक पुंगळी ती फिरवून फिरवून बघायची.

काडतुसात भरायची दारू तर तिनं नेहमीसारखीच मोजली होती. मग?

घरात दुसरं माणूस एकच, धाकटा भाऊ रॉली. घटस्फोटानंतर वसंतात राहायला आला, शाळेची बस चालवायचा आणि शॉटगनची काडतुसं तिच्याच टेबलावर भरायचा. वडिलांनी रायफल तिला दिली, हे त्याला अजून सलत होतं. ती घरी आली तेव्हा तो सूप ढवळत होता.

"माझ्या डब्याला हात लावलास?"

"कुठल्या?"

"दारूच्या."

"मी कशाला लावू? माझा माझा डबा आहे."

तो इतक्या सहज बोलला, की तिचा संशय आणखी वाढला. ती तळघरात गेली. उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या उपसून दारू तोलली. वजन चोख. मग तिनं ती पांढऱ्या ताटलीत पसरली. तिच्या दारूच्या बारीक काड्यांमध्ये चपट्या चकत्या मिसळल्या होत्या. भडकन पेटणारी, शॉटगनची दारू.

म्हणजे हा मला मारायला निघाला होता? त्याच्यासोबत एका टेबलावर जेवायचं कसं, या विचारानं ती पायरीवरच बसून राहिली. मग तिला काय काय आठवायला लागलं. फाटकाचा खांब वाकला तेव्हा तो म्हणाला होता, हरणानं धडक दिली. टपाल आलं की म्हणायचा, "तूच वाच, मला कंटाळा येतो."

तिनं फळीवरच्या दोन्ही डब्यांच्या जागा बदलल्या आणि त्याला हाक मारली.

"यातला तुझा कुठला?"

"हा काय, उजवीकडचा."

"नाव वाच."

त्यानं डबा नाकाशी नेला, मान वाकडी केली, खाली ठेवला.

"उरलेली दारू तू माझ्याच डब्यात ओतलीस. नीट दिसत नाही त्याला किती दिवस झाले, रॉली?"

त्यानं डबा फळीवर मागे सरकवला. "मधोमध धुकं दिसतं. कडेनं सगळं नीट दिसतं. रस्ता तर पाठच आहे मला."

"बसमध्ये पोरं असतात."

"नोकरी गेली तर काय करू मी? इथं बसून तुझे टोमणे खाऊ?"

"सोमवारी बस निघायच्या आत तू सांगितलं नाहीस, तर मी सांगेन."

तो दार आपटून गेला. त्याच्यावर तिचा भरवसा नव्हता, म्हणून खुंटीवरची बसची किल्ली तिनं आपल्या खिशात ठेवली. रविवारी दुपारी मात्र त्यानं स्वतःच मुख्याध्यापिकेला फोन लावला. आवाज खाली होता, पण त्यानं काही लपवलं नाही. मिसळलेली दारू तिनं अंगणात पातळ पसरून जाळून टाकली आणि डबे कपाटात ठेवून कुलूप घातलं.

डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत यायची नाही, आहे ती टिकवू. त्या संध्याकाळी ती बटाटे वाढत असताना रॉलीनं विचारलं, "मी मुद्दाम केलं असं वाटलं तुला?"

"हो," आर्लिस म्हणाली.

त्यानं मान डोलावली आणि ताटली पुढे केली. "वाढ अजून थोडे."