उन्हात वाजणारी काठी

कुसुम भागवतांना काचबिंदू असल्याचं कळलं, तेव्हा नजरेच्या दोन्ही कडा गेलेल्या होत्या. समोरचं दिसायचं, पण नळीतून पाहावं तसं. माणसं, दुचाक्या, कुत्री कुठून तरी एकदम अंगावर यायची. मंडईत एकदा हातगाडीचा दांडा बरगडीत बसला आणि त्यांनी एकटीनं बाहेर पडणं सोडलं. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "पुण्यात आता बघण्यासारखं काही राहिलेलं नाही." भूगोल शिकवण्यात हयात गेलेल्या बाईंना आपल्याच जिन्याची धास्ती वाटते, हे त्यांनी मुलालाही सांगितलं नव्हतं.

ते ओळखलं अपेक्षानं. वाशीमची ही मुलगी कर्वेनगरात त्यांच्याकडे खोली घेऊन राहायची, इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला होती. काकू भिंतीला हात लावत चालतात, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिनं कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी काठी करायला घेतली. काठीच्या खालच्या टोकाशी छोटा इन्फ्रारेड सेन्सर, मुठीजवळ बझर.

"यातून डोळ्यांना न दिसणारे किरण निघतात, काकू. पुढे काही असलं की त्यावर आपटून परत येतात, मग हा वाजतो."

"आणि नाही वाजला तर?"

"तर रस्ता मोकळा."

दिवाणखान्यात काठी खुर्चीपाशी वाजली, दारापाशी वाजली. कुसुमताईंनी चार फेऱ्या मारल्या. कितीतरी दिवसांनी त्यांचा हात भिंतीपासून सुटला होता.

"बाहेर नका नेऊ हं अजून," अपेक्षा म्हणाली. "टेस्टिंग बाकी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कॉलेजला गेली आणि कुसुमताई काठी घेऊन खाली उतरल्या. कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणायचं, एवढंच.

फाटकाबाहेर झाडांची सावली होती. काठी गप्प होती, म्हणून त्या निर्धास्त पावलं टाकत होत्या. अचानक गुडघा कशावर तरी जोरात आदळला. पुढे उभी होती एक काळी मोटारसायकल. त्यांनी काठीचं टोक तिच्या काळ्या टायरजवळ नेलं. काठी वाजली नाही. आणखी जवळ नेलं. तरीही नाही.

आत्तापर्यंतच्या शांततेत आपण कशाकशाच्या शेजारून आलो असू?

परतायला हवं होतं, पण फाटक नेमकं कुठे राहिलं ते कळेना. कडेकडेनं जावं म्हणून त्या वळल्या आणि सावली संपली. सकाळचं तिरपं ऊन समोरून आलं, तशी काठी वाजायला लागली. त्या थांबल्या. डावीकडे फिरवली, वाजली. उजवीकडे फिरवली, वाजली. उन्हानं डोळे दिपले होते, नळीतलं तेवढं चित्रही पांढरंफटक झालं होतं. हात पुढे केला तर हाताला काहीच लागेना, आणि बझर मात्र सारखा सांगत होता की पुढे काहीतरी आहे.

पाठीमागून हॉर्न वाजला. एक रिक्षा इतकी जवळून गेली की पदर ओढला गेला. म्हणजे आपण रस्त्याच्या मधोमध आहोत. पाऊल पुढे टाकायचं की मागे, हे ठरवायला काही आधारच नव्हता. कुणाला हाक मारायची तर काय म्हणायचं? ते शब्द त्यांनी कधी तोंडातून काढले नव्हते.

पुन्हा हॉर्न वाजला.

"अहो, कुणी आहे का?" आवाज अगदी बारीक निघाला. त्यांनी परत म्हटलं, "मला दिसत नाही. कुणीतरी हात धरा."

कडेला शहाळी विकणारा बुद्धभूषण कोयता ठेवून धावत आला. हातानं गाड्या थांबवत त्यानं त्यांना फुटपाथवर नेलं, स्टुलावर बसवलं. काठी अजून वाजतच होती.

"बंद करू का हे, आजी?"

"करा. याचं ऐकून मी मरणार होते."

त्यानंच त्यांना घरी सोडलं. दुपारी अपेक्षा आली तेव्हा कुसुमताई गुडघ्याला हळद लावून बसल्या होत्या. सगळं ऐकताना तिचा चेहरा उतरत गेला.

"काळा रंग ते किरण शोषून घेतो," ती हळू म्हणाली. "आणि उन्हातही तेच किरण असतात, त्यामुळे सेन्सर फसतो. वर्गात शिकवलं होतं. पण मी ट्यूबलाइटखालीच तपासत बसले. काकू, तुम्हाला काही झालं असतं तर..."

ती रडायला लागली. कुसुमताईंनी तिला रडू दिलं. मग म्हणाल्या, "हे सगळं तुझ्या प्रोजेक्टमध्ये लिही. पुढे कुणीतरी यावर विसंबून चालेल."

त्या संध्याकाळी त्यांनी मुलाला फोन केला आणि डोळ्यांचं सांगितलं. पुढच्या महिन्यात त्या एका संस्थेत साधी पांढरी काठी जमिनीवर टेकवत चालायला शिकू लागल्या. अपेक्षा सोबत जायची. रस्ता ओलांडताना कुसुमताई तिचा दंड इतका घट्ट धरायच्या की बोटांचे वळ उठायचे. भीती गेली नव्हती. अजूनही हॉर्न ऐकला की त्या जागच्या जागी थिजायच्या, आणि अपेक्षा त्यांच्याजवळ थांबायची.